गावच्या नाटकात नरक उभा करायचा असेल तर

दिवाळी सरली की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्यासोबत रात्रभराच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजहून येणारी कंपनी असो की गावातल्या मंडळाचं वर्षातून एकदाचं नाटक असो, पौराणिक किंवा अद्भुत कथानकात यमपुरीचा प्रवेश कधी ना कधी येतोच. नेमका तोच प्रवेश बहुतेक वेळा पडतो. लाल दिवे लागतात, धूर सुटतो, एक शिंगवाला मोठ्याने हसतो, दोघं-तिघं कढईत ओरडतात आणि मागच्या रांगा चहाला उठतात.

याचं कारण नेपथ्यात कमी आणि संहितेत जास्त असतं. माणूस कढईला फार वेळ घाबरत नाही. त्याला हिशेबाची भीती वाटते. ज्याने जे केलं तेच फिरून त्याच्यासमोर येताना दिसलं की मांडव गप्प होतो. म्हणून बांबू तोडायच्या आधी दोन बैठका फक्त या हिशेबासाठी ठेवाव्यात.

पुढची सगळी मापं साधारण २४ फूट रुंद आणि १८ फूट खोल मंचाची आहेत. प्रवेश १५ ते २० मिनिटांचा, कलाकार १०-१२ आणि तयारीला ८-१० दिवस धरले आहेत.

आधी नरक कोणाचा ते ठरवा

आपल्याकडे नरकाची यादी तयार आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात २१ नरकांची नावं येतात. भागवताच्या पाचव्या स्कंधातला २६वा अध्याय त्यात ७ वाढवून २८ करतो आणि कोणत्या कर्माला कोणता नरक तेही सांगतो. नाटकासाठी हा अध्याय सगळ्यात उपयोगी. गरुडपुराणाचा भर वाटेवर आहे: यममार्ग ८६,००० योजनांचा, मध्ये १६ नगरं, वैतरणी नदी. गावात गरुडपुराण ऐकलेली माणसं हमखास असतात, त्यामुळे वाट दाखवायची तर तिथूनच घ्यावी.

इटलीच्या दान्ते या कवीने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला नऊ वर्तुळांचा नरक रचला. खाली उतरावं तसं पाप जड होत जातं, आणि अगदी तळाशी आग नसून गोठलेला तलाव आहे. सैतान तिथे कमरेपेक्षा वरपर्यंत बर्फात रुतलेला आहे. त्या काव्यावर १९११ साली इटलीत मूकपट निघाला. आजच्या कादंबऱ्या, मालिका, व्हिडिओ गेम यांतला टप्प्याटप्प्याने खोल जाणारा नरक बराचसा याच घराण्यातला. इंग्रज कवी मिल्टनच्या १६६७च्या महाकाव्यात नरकाला राजधानी मिळाली आणि सैतानांची सभा भरली. १९९३च्या ‘डूम’ या गेमने नरकाचं दार मंगळाच्या उपग्रहांवर उघडलं. हे सगळं पोरांनी मोबाईलवर पाहिलेलं असतं, आणि तालमीत सूचना तिथूनच येतात: शेपटी लावू, त्रिशूळ देऊ, डोळे लाल करू.

इथे पहिली मोठी चूक होते. आपला यम हा सैतान नाही. तो धर्मराज आहे, दक्षिण दिशेचा लोकपाल, न्याय करणारा. त्याच्या हातात दंड आणि पाश, वाहन रेडा. त्रिशूळ शंकराचा, तो यमाला दिला की जाणत्या म्हाताऱ्यांचं मन तिथेच उडतं. सैतान बंडखोर आहे, पापात त्याला आनंद आहे. यमाला शिक्षा देण्यात सुख नाही, त्याला फक्त हिशेब चुकवता येत नाही. त्यामुळे यम करणाऱ्या नटाला एकच सूचना द्यावी: हसायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही. मांडवातली सगळ्यात शांत व्यक्ती तो असला पाहिजे.

दुसरा फरक कथेच्या दृष्टीने मोठा आहे. दान्तेच्या नरकातून सुटका नाही. पुराणातला नरक मुदतीचा आहे. भोग संपला की जीव पुन्हा जन्माला येतो. नाटकात पापी नंतर परत येणार असेल, बदलणार असेल, तर पुराणाचाच नियम घ्या. दोन्हींची भेळ केली तर तिसऱ्या अंकात लेखक अडकतो.

पाप आणि शिक्षा जुळवणं

संहिता लिहिताना वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे कर्म, उजवीकडे शिक्षा. मधे एक वाक्य लिहायचं: या कर्मातून हीच शिक्षा का? ते वाक्य सुचलं नाही तर ती शिक्षा खोडा. दान्तेने भविष्य सांगणाऱ्यांची मुंडकी पाठीकडे फिरवली आहेत, कारण त्यांनी फार पुढचं पाहायचा दावा केला. भागवतातही असे जोड जागोजागी सापडतात.

जो राजा किंवा राजपुरुष निरपराध्याला शिक्षा करतो तो सूकरमुख नरकात उसासारखा पिळला जातो. पैशाच्या गर्वाने सगळ्यांकडे वाकडं पाहत धन राखत बसणाऱ्याला सूचीमुख नरकात यमदूत विणकरासारखे सर्वांगावर दोऱ्याने शिवतात. आंधळ्या विहिरीत, कणगीत, गुहेत प्राण्यांना कोंडणारा अवटनिरोधनात तसाच कोंडला जातो, वर विषारी धूर. घरी आलेल्या पाहुण्याकडे जळत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याचे डोळे पर्यावर्तनात गिधाडं-कावळे उपटतात. आग लावणारे, विष देणारे, गावं लुटणारे सारमेयादनात जातात. तिथे वज्रासारख्या दातांचे ७२० कुत्रे आहेत.

यातली कोणतीही गोष्ट खेड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. विहीर, कणगी, चरक, सुईदोरा, कुत्रा, पाहुणा. परका नरक उसना आणण्याची गरज यामुळेच पडत नाही.

एका प्रवेशात तीनच शिक्षा घ्याव्यात. एक नुसती ऐकू यावी, एक अर्धवट दिसावी आणि एक पूर्ण. चौथी आली की प्रेक्षक मोजायला लागतो आणि भीती जाते.

वाट: वैतरणी आणि चार डोळ्यांचे कुत्रे

प्रवेश दरबारात सुरू करू नका. तीन-चार मिनिटं वाटेला द्या.

वैतरणीसाठी तीन जुन्या पाचवारी साड्या काठाला काठ जोडून शिवायच्या. साधारण १८ फूट लांब आणि १०-११ फूट रुंद कापड होतं. रंग गडद: मेंदी, काळपट तांबडा, जांभळा. चकचकीत नायलॉन घेऊ नका, ते वाऱ्याने उडतं आणि पाण्यासारखं न दिसता पतंगासारखं दिसतं. दोन्ही विंगांत दोन-दोन माणसं बसवून कापड जमिनीपासून हातभर वर धरायचं आणि मनात चार मोजत एक लाट सोडायची. लाट घाईने सोडली की धुणं वाळत घातल्यासारखं वाटतं. तालमीत नव्वद टक्के वेळ हाच दोष काढण्यात जातो. मधल्या साडीच्या शिवणीत दोन फुटांची फट ठेवली तर पापी तिच्यातून छातीपर्यंत वर येतो, बुडतो, पुन्हा वर येतो. गाय दान केलेला माणूस शेपूट धरून पार होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून हात हवेत काहीतरी धरायला शोधताहेत एवढं दाखवलं तरी पुरे होतं.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर चार-चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखणीला आहेत. मंचावर दाखवायला ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक गोष्ट. काळं घोंगडं पांघरून दोन पोरं ओणवी बसवा. घोंगड्यावर प्रत्येकी चार पिवळे एलईडी, ३ व्होल्टच्या बटण सेलवर, चिकटपट्टीने लावा. पूर्ण अंधारात आठ डोळे हळूहळू जमिनीलगत सरकले पाहिजेत. भुंकायचं नाही. दोन डोळ्यांच्या जोडीत अंतर दीड इंच आणि वरच्या-खालच्या जोडीत दोन इंच ठेवलं की मागच्या रांगेतूनही ते वेगळे मोजता येतात. त्याहून जवळ आणले तर एकच ठिपका दिसतो.

असिपत्रवन: पानांचा आवाज

भागवताप्रमाणे आपला धर्ममार्ग सोडून पाखंडात शिरलेल्याला असिपत्रवनात चाबकाने पळवतात आणि तलवारीसारखी पानं त्याला कापतात. हा नरक मी म्हटलं ती ‘ऐकू येणारी’ शिक्षा करावा.

पानं सागाची घ्या. सागाचं वाळलेलं पान हातभर मोठं असतं, पायाखाली आलं की पापड मोडल्यासारखं वाजतं, आणि ते आपल्याकडे विकत घ्यावं लागत नाही. अडचण वेळेची आहे. साग पानं टाकतो तो साधारण जानेवारीनंतर, आणि नाटकं सुरू होतात दिवाळीला. म्हणून आदल्या उन्हाळ्यातच पाच-सहा बारदान्यांची पोती भरून कोरड्या जागी, घुशी-उंदीर लागणार नाहीत अशी टांगून ठेवावीत. सागाची चुकली तर पळसाचा पाचोळा चालतो, पण त्याचा आवाज मऊ येतो.

दुसरी अडचण दवाची. रात्री एक-दोनच्या सुमारास मांडवाच्या कडेला सगळं ओलसर होतं. आधीपासून पसरलेली पानं तोवर नरमतात आणि काहीच वाजत नाही. त्यामुळे पोती प्रवेशाच्या अगदी आधी, पडद्याआड, विंगेच्या मागच्या पट्ट्यात रिती करायची. तिथे जमिनीपासून फूटभर उंचीवर एक माइक ठेवा. अंधारात एकाच माणसाची धावपळ ऐकू येते, थांबते, पुन्हा सुरू होते. कापणारी पानं मंचावर हवीच असतील तर पुठ्ठ्याची दोन फुटी पाती करून त्यांना बेगड लावा आणि काळ्या दोऱ्याने वरच्या बांबूला टांगा. अशी १५-२० पाती पुरतात. बाजूने एकच पांढरा दिवा मारला की ती फिरताना चमकतात. मात्र नटांच्या डोक्यापेक्षा किमान एक फूट वर ठेवा. पुठ्ठ्याची कडसुद्धा डोळ्याला लागते.

अवीचि: पूर्ण दाखवायची शिक्षा

साक्षीत, व्यवहारात किंवा दानात जो खोटं बोलतो त्याला अवीचिमत् नरक. शंभर योजन उंच कड्यावरून त्याला खाली ढकलतात. खाली खडक आहे, पण तो पाण्यासारखा भासतो. शरीराचे तीळ-तीळ तुकडे होतात, मरण येत नाही, आणि पुन्हा वर चढवून पुन्हा ढकलतात. ‘अवीचि’ म्हणजे ज्याला लाट नाही असं. खोट्या साक्षीला पाण्यासारखा दिसणारा दगड: पाप आणि शिक्षा यांचा इतका अचूक जोड क्वचित सापडतो. जे दिसलं ते नव्हतं, हेच त्याने कचेरीत केलं आणि हेच त्याच्याशी केलं जातं.

आपल्याकडे याचं कर्म शोधायला लांब जावं लागत नाही. धुरा, म्हणजे शेताचा बांध. शेजाऱ्याच्या शेताचा धुरा कोरला जातो, भांडण कचेरीत जातं आणि गावातलाच एक जण साक्षीला उभा राहतो. लक्षात घ्या, इथे पापी म्हणून धुरा कोरणारा न घेता साक्षीदार घ्यायचा आहे. तो स्वतः एक वितही जमीन घेत नाही. प्रेक्षकातल्या प्रत्येकाला स्वतःकडे पाहावं लागतं ते त्यामुळे.

दरबाराचा संवाद आखूड ठेवा:

“धुरा कोणाच्या हातानं सरकला?”
“माझ्या नाही, महाराज.”
“किती सरकला?”
“दोन हात.”
“तुला कसं ठाऊक?”

यानंतर कोणीही काही बोलायचं नाही. चित्रगुप्त वही मिटतो. वही मोठी असावी, दोन फूट बाय दीड फूट, मिटताना तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आतल्या पानांवर संवाद मोठ्या अक्षरांत चिकटवून ठेवले तर चित्रगुप्ताला प्रॉम्प्टरकडे पाहावं लागत नाही.

आता बांधणी. मंचाच्या मागच्या भागात साडेतीन फूट उंच चौथरा, ६ फूट बाय ४ फूट. बल्ल्या आणि फळ्या वापरा, टेबलावर टेबल ठेवू नका. चौथऱ्याच्या पुढे पाच फूट जागा सोडून अडीच फूट उंचीचा, खडकासारखा रंगवलेला बुटका आडोसा पूर्ण रुंदीभर उभा करा. या पाच फुटांच्या खोबणीत तळाला तणसाने (भाताच्या पेंढ्याने) भरलेली पोती आणि वर कापसाच्या दोन गाद्या. पोती घट्ट शिवा, सैल असली तर पाय मध्ये रुततो आणि घोटा मुरगळतो. आडोशावरून प्रेक्षकांच्या बाजूला करडं कापड उतरतं सोडायचं आणि त्यावर पातळ पारदर्शक पन्नी, १२ फूट बाय ४ फूट. पन्नीच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या दोऱ्या विंगेतल्या माणसांच्या हातात. बाजूने, जमिनीलगत निळसर दिवा टाकून पन्नी अगदी हलकी हलवली की पाणी चमकतं. समोरून उजेड पडला तर मात्र ती पन्नीच दिसते.

साक्षीदार तहानलेला आहे. तो चौथऱ्यावर येतो, खाली पाहतो, त्याला पाणी दिसतं. पुराणात त्याला डोकं खाली करून ढकलतात. मंचावर तसं मुळीच करू नका. त्याला स्वतःहून उडी मारू द्या, पाय खाली, गुडघे वाकवून. उडी सुटताच उजेड पूर्ण बंद. मनात दोन मोजा. लोक पाण्याच्या आवाजाची वाट पाहतात. आणि मग कोरडा, जड आवाज: विंगेत पाट्यावर वरवंटा एकदाच आपटायचा, माइकजवळ. त्याच अंधारात पन्नी विंगेत ओढून घ्यायची. उजेड येतो तेव्हा पांढरा, सपाट, आणि समोर फक्त करडा खडक. या एका आवाजासाठी सगळी बांधणी आहे. वरवंटा लवकर पडला तर परिणाम जातो, उशिरा पडला तर कोणीतरी खोकतं. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याला त्या रात्री दुसरं काही सांगू नका.

यमदूत त्याला पुन्हा वर आणतात. पाणी पुन्हा दिसू लागतं. दुसऱ्या वेळी त्याला ठाऊक आहे की तो दगड आहे, तो नाही म्हणतो, दूत वाट पाहतात, कोणी ढकलत नाही, आणि तहान त्याला उडी मारायला लावते. तिसऱ्या वेळी तो प्रेक्षकांकडे पाहून म्हणतो, “ते पाणीच आहे.” आता तो स्वतःला खोटी साक्ष देतो आहे. तिसरी उडी दाखवू नका, तिथेच अंधार करा.

कढई हवीच असेल तर

कुंभीपाकाची कढई लोकांना अपेक्षित असते, आणि अर्धवट दिसणारी शिक्षा म्हणून ती चांगली बसते. हा नरक जिवंत पशुपक्ष्यांना शिजवणाऱ्यांसाठी सांगितला आहे, वाटेल त्या पाप्याला त्यात टाकू नये.

चार फूट व्यास, अडीच फूट उंची. बांबूच्या कमच्यांच्या तीन गोल कड्या करून त्यांना १२-१४ उभ्या कमच्या सुतळीने बांधा. मागची बाजू दोन फूट उघडी ठेवा, म्हणजे आत टाकलेला नट मागून रांगत विंगेत जातो. वरून रद्दी पेपरचे पाच-सहा थर मैद्याच्या खळीने द्या. खळीत चिमूटभर मोरचूद टाकली तर बुरशी आणि झुरळं लागत नाहीत; मोरचूद विषारी असते, भांडं वेगळं ठेवा आणि पोरांना हात लावू देऊ नका. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. दिवाळीच्या उन्हात एका थराला एक दिवस लागतो. घाईत दोन ओले थर एकावर एक दिले की आत वास धरतो आणि रंग लावल्यावर फुगे येतात. शेवटी काजळी आणि सरस.

ज्वाळांसाठी नारिंगी-पिवळ्या पातळ कापडाच्या दोन फुटी पट्ट्या कढईखाली लाकडी चौकटीला बांधा, मागे आडवा ठेवलेला टेबलफॅन आणि खालून एलईडी. हॅलोजन नको, कापड वितळतं आणि पेटतं. फॅनचा आवाज जाणवतो, म्हणून त्या वेळी ढोल चालू ठेवा.

उजेड, धूर, आवाज

सगळा मंच लाल करणं ही सर्वात जुनी सवय आणि सर्वात वाईट. लाल उजेडात लाल वस्तू पांढुरकी दिसते. सूचीमुखाचा लाल दोरा, कपाळावरचं रक्त, दूताचा लाल पट्टा, सगळं नाहीसं होतं आणि चेहरे सपाट होतात. कढईपुरता नारिंगी, वाटेवर जवळजवळ अंधार, अवीचिला थंड निळा आणि मग पांढरा, एवढं पुरे. बौद्ध परंपरेत आठ उष्ण नरकांसोबत आठ थंड नरक आहेत, आणि दान्तेचा तळही बर्फाचा. पौषातल्या रात्री दोन वाजता कुडकुडत बसलेल्या प्रेक्षकाला थंडीचा नरक लगेच कळतो.

५०० वॅटचे चार हॅलोजन लावले तर २,००० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर. घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड तेवढं सोसत नाही, त्याचा प्लग आधी मऊ होतो, मग जळतो. उजेडाची लाइन आणि आवाजाची लाइन वेगळी घ्या, नाहीतर स्पीकरमधून घूं-घूं येत राहते आणि शांततेची जागाच उरत नाही.

धूर यंत्राचा घ्या. यंत्र तापायला काही मिनिटं लागतात, म्हणून आधीचा प्रवेश चालू असतानाच सुरू करा, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवा. कोरडा बर्फ मिळालाच तर तो उणे ७८ अंशांचा असतो, उघड्या हाताने धरू नका; त्याचा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि गादीच्या खोबणीत पडलेला नट तोच श्वासात घेतो. अवीचिच्या खोबणीजवळ तो अजिबात वापरू नये. मशालीवर राळ उडवून भडका करायची जुनी पद्धत उघड्या पटांगणात चालत असे. वर कृत्रिम कापडाचा मांडव आणि खाली तणस असताना ती बंदच ठेवा. प्रत्येक विंगेत वाळूची एक बादली असावी.

गडगडाटासाठी सहा फूट बाय तीन फुटाचा पातळ पत्रा दोरीने टांगून खालून हलवा. पण खरी ताकद कुजबुजीत आहे. महाभारताच्या स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरकात बोलणारे कोण ते आधी कळत नाही. अंधार आहे, दुर्गंधी आहे, आणि आवाज येतात: थोडं थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरं वाटतं. कोण आहात, असं तो विचारतो, आणि उत्तरं येतात: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन. ओळख पटते ती आवाजाने, आणि म्हणून ती काळजात जाते. सहा-आठ जणांना मांडवाच्या कनातीबाहेर, प्रेक्षकांच्या मागे आणि दोन्ही बाजूंना उभं करा. माइक देऊ नका. “थांब” एवढाच शब्द, एकेकाने, वेगवेगळ्या वेळी. पाठीमागून आलेला हा आवाज दहा स्पीकरपेक्षा जास्त काम करतो.

सोंग आणि रंग

यमदूतांना काळं फासून, डोक्यात पिसं खोवून, कमरेला पानं बांधून आणायची पद्धत अजून चालू आहे. ती सोडलीच पाहिजे. समोर गोंड, माडिया, हलबी माणसं लेकराबाळांसह बसलेली असतात आणि त्यांच्या पेहरावाला आपण नरकाचा गणवेश करतो. दूत चेहरा नसलेले करा: बारदान्याचे अंगरखे, तोंडावर बारदान्याचाच पडदा, डोळ्यांच्या जागी जाळी, हातापायांना राख. सहा जण सारखेच दिसले आणि सारख्याच पावलाने चालले की ओळखीचा पोरगाही परका वाटतो.

चेहऱ्याच्या रंगाला शेंदूर किंवा हिंगूळ वापरू नका. एकात शिसं असतं, दुसऱ्यात पारा, आणि ओठ-डोळ्यांजवळ ते पोटात जातं. पांढऱ्यासाठी झिंक ऑक्साइड खोबरेल तेलात खलून घ्या. तेलाचा हात आधी लावला की पहाटे रंग सहज निघतो. रक्त शक्यतो टाळा. हवंच असेल तर घट्ट पेजेत खाण्याचा लाल रंग आणि थोडा काळा चहा मिसळा. साखरेच्या पाकाचं रक्त केलं तर मुंग्या लागतात.

पाप्यांना उघड्या अंगाने झोपवू नका, थंडी बाधते. अंगाच्या रंगाची बनियन द्या.

काय दाखवू नये

जुन्या नरकचित्रांत बायकांना शिक्षा होताना फार रेंगाळून दाखवलेलं असतं. ते उचलू नका. पाप्याचं आडनाव, जात, व्यंग, गावातल्या खऱ्या माणसाशी जुळणारी लकब, यांपैकी काहीही नको. दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचं आहे आणि सरकलेला धुरा कोणाचा हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

आणि एक गोष्ट कधीही नको. धर्मग्रंथांत आत्महत्येला पाप म्हटलेलं आढळतं, आणि तेवढ्या आधारावर फास लावलेला माणूस नरकात दाखवायची कल्पना कोणाला तरी सुचते. विदर्भातल्या मांडवात अशा घरची माय, बायको, लेक बसलेली असू शकते. संहितेत ते पान असेल तर तालमीच्या पहिल्या दिवशीच काढून टाका. कर्जाच्या बाजूने काही म्हणायचं असेल तर सूचीमुख आहे: धन राखत बसलेल्याला उभं करा, आणि दूत शांतपणे सुईदोरा ओवतात एवढं दाखवा.

रात्रीचा क्रम

नाटक दहाच्या पुढे सुरू झालं तर हा प्रवेश दीड ते अडीचच्या दरम्यान आणावा. त्याआधी लावणी किंवा विनोदी प्रवेश असू द्या, लोक जागे असतात. प्रवेशाच्या अर्धा तास आधी चौथऱ्याच्या सगळ्या गाठी हाताने ओढून पाहा. दवाने सुतळी सैल होते, नायलॉनची दोरी घसरते. उडी मारणाऱ्या नटाने स्वतः एकदा, पूर्ण उजेडात, गादीवर उडी मारून घ्यायची. पडद्याआड आधी गाद्या, मग आडोसा, मग करडं कापड, मग पन्नी, आणि सगळ्यात शेवटी पानं. मुलांच्या पुढच्या दोन रांगा पाच फूट मागे सरकवा, म्हणजे कुत्रे जवळ आले तरी कोणी उठून पळताना तारेत अडकणार नाही.

शेवटच्या अंधारानंतर लगेच दिवे लावू नका. मनात दहा मोजा, कनातीबाहेरचे आवाज एकेक करून थांबू द्या, आणि मग फक्त ऑर्गनचा एक सूर. तेवढ्या वेळात मागची माणसं पन्नी आणि आडोसा काढतात, गाद्या चौथऱ्याखाली ढकलतात आणि पुढच्या प्रवेशाचं नेपथ्य लागतं. दोन मिनिटं पुरतात. पानं मात्र तेव्हाच गोळा करा, सकाळवर ठेवू नका. उन्हं यायच्या आत ती भिजलेली असतात आणि पुढच्या गावात वाजत नाहीत.